कॅम्परव्हॅनच्या 'युरिया'चा हिशेब लेखी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यानंतर घरासारखी सजवलेली व्हॅन घेऊन कोकणात, सातपुड्यात किंवा थेट लडाखपर्यंत जाण्याची हौस आपल्याकडेही रुजू लागली आहे. डिझेलवर चालणारी अशी नवी गाडी घेणाऱ्यांच्या तोंडी मात्र पहिल्या काही महिन्यांतच एक तक्रार हमखास येते, ती म्हणजे गाडी 'युरिया' फार खाते. ट्रकवाले ज्याला सरळ युरिया म्हणतात आणि कॅनवर ज्याचे नाव डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, थोडक्यात डीईएफ, असे छापलेले असते, तो हा निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत भरायचा द्रव. माझे आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेले आहे आणि सध्या मी स्वतः अशीच एक नवी कॅम्परव्हॅन वापरतो, म्हणून या तक्रारीविषयी चार गोष्टी स्पष्टपणे मांडाव्यात असे वाटले. गाडीला डीईएफ लागते हा गाडीचा दोष नाही. ते किती लागेल हे विकणाऱ्यांपैकी कोणीही लेखी सांगत नाही हा दोष आहे, आणि त्या मौनाचा फायदा भलतेच लोक उठवू लागले आहेत.

आधी हा द्रव करतो काय ते पाहू. डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान जितके चढते तितक्या प्रमाणात हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड्स तयार होतात. दम्याचा त्रास वाढवणारे आणि शहरांवर धुरके साठवणारे हे वायू आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी डिझेल मोटारींसाठी या वायूंची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आणली. वजनदार व्हॅनसाठी ती थोडी सैल आहे, इतकेच. ही मर्यादा पाळण्यासाठी मोठ्या डिझेल गाड्यांच्या धुराड्याच्या वाटेत एक उत्प्रेरक बसवलेला असतो आणि त्याच्या अलीकडे गरम धुरात डीईएफचा बारीक फवारा सोडला जातो. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी. उष्णतेने त्या युरियाचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर हा अमोनिया नायट्रोजन ऑक्साइड्सशी संयोग पावून साधा नायट्रोजन आणि वाफ बाहेर पडते.

आता थोडा हिशेब, कारण सगळी गल्लत तिथेच होते. एक लिटर डीईएफचे वजन साधारण १.०९ किलो भरते, त्यात युरिया सुमारे ३५० ग्रॅम असतो आणि त्यातून सुमारे २०० ग्रॅम अमोनिया सुटतो. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राने हिशेब मांडला तर एवढा अमोनिया जवळपास अर्धा किलो नायट्रोजन ऑक्साइड्स निकामी करतो. म्हणजे टाकीतून एक लिटर कमी झाला याचा अर्थ तेवढे विष रस्त्यावर आले नाही. अशा गाड्यांत डीईएफचा खप डिझेलच्या सर्वसाधारणपणे ३ ते ५ टक्के पडतो. लिटरला १० किलोमीटर चालणारी व्हॅन १००० किलोमीटरला १०० लिटर डिझेल घेईल आणि त्यासोबत ३ ते ५ लिटर डीईएफ. डिझेल ९० रुपये आणि डीईएफ ६० रुपये लिटर धरले, तर डिझेलच्या ९००० रुपयांपुढे डीईएफचे १८० ते ३०० रुपये होतात. खिशाला चाट बसावी असा हा आकडा नव्हे. तरीही लोक हवालदिल होतात, कारण गाडी घेताना हा खर्च त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो आणि कॅटलॉगमध्ये कुठे आकडा असलाच तर तो मूळ व्हॅनचा असतो, तिच्यावर उभारलेल्या घराचा नसतो.

हा फरक किरकोळ नाही. मालवाहू व्हॅन सकाळी भरून निघते आणि दुपारी बहुधा रिकामी परतते. कॅम्परव्हॅन मात्र कायमची भरलेलीच असते. पलंग, कपाटे, ओटा, फ्रिज, बॅटऱ्या, छतावरचा एसी, बाजूचा छज्जा हे सगळे तिच्या अंगावर बाराही महिने असते आणि पिण्या-धुण्याच्या पाण्याची टाकी दीडशे लिटरची असेल तर केवळ पाण्याचेच दीडशे किलो वाढतात. त्यात उंच छत आणि त्यावरची पेटी यांच्यामुळे समोरून वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग मोठा होतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला हवेशी दीडपटीहून अधिक झुंजावे लागते. जून २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर नागपूरकडून मुंबईकडे तासन्‌तास एकाच चढ्या वेगाने गाडी हाकली, तर डिझेल वाढतेच, पण इंजिनावरचा भार आणि ज्वलनाचे तापमान सतत वरच राहिल्याने डीईएफ त्याहून अधिक प्रमाणात वाढू शकते. कसारा किंवा आंबा घाट भरल्या टाक्यांनिशी चढतानाही तेच होते. उलट एखाद्या ठिकाणी एसीसाठी इंजिन नुसते चालू ठेवले तर डीईएफ फारसे खर्चच होत नाही, कारण धूर साधारण २०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय यंत्रणा फवारा सोडत नाही. काहीजण याला बचत समजून खूश होतात. प्रत्यक्षात अशा थंड चालीने काजळीची गाळणी तुंबते आणि पुढे वर्कशॉपचे बिल येते, ते डीईएफच्या कितीतरी कॅनना भारी पडते.

नव्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. शोरूममधून किंवा बॉडी बांधणाऱ्याकडून गाडी हाती येते तेव्हा डीईएफची टाकी बहुधा भरलेली नसते. कारखान्यातून जेमतेम गरजेपुरते भरून पाठवलेले असते, त्यातले काही बॉडी बांधणाऱ्याकडे ने-आण करण्यात संपते आणि मालकाला पहिली धोक्याची सूचना अपेक्षेपेक्षा फार लवकर दिसते. तो आपला 'भरल्या टाकीला इतके किलोमीटर' असा भागाकार करतो आणि हादरतो. वास्तविक भागाकारच चुकीच्या संख्येने केलेला असतो. डॅशबोर्डवर दिसणारे 'उरलेले अंतर' मागच्या प्रवासाच्या खपावरून काढलेले असते, त्यामुळे घाट चढून आल्यावर ते झपाट्याने घसरते आणि सपाटीला लागल्यावर पुन्हा सावरते. शिवाय काही गाड्यांत एखादा-दुसरा लिटर ओतला तर पातळी मोजणारा सेन्सर त्याची दखलच घेत नाही; एका वेळी चार-पाच लिटर तरी घालावे लागतात. खरा खप कळायचा तर टाकी गळ्यापर्यंत भरून किलोमीटर टिपावेत, पुढच्या वेळी पुन्हा गळ्यापर्यंत भरावी आणि किती लिटर मावले ते पाहावे. तोही एकदा घाटातल्या सहलीत आणि एकदा सपाटीवर पाहावा. यासाठी वही आणि पेन पुरते, पण सर्व्हिस सेंटरमध्ये हे सांगणारा माणूस भेटणे दुर्मीळ.

माझ्या वाट्याला जे आले ते असे. गाडीचा खप लेखी द्या म्हणून मी विक्रेत्याकडे गेलो तेव्हा त्याने बॉडी बांधणाऱ्याकडे बोट दाखवले, बॉडी बांधणाऱ्याने 'इंजिन आमचे नाही' म्हणून हात झटकले आणि सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराने 'नॉर्मल आहे, सर' या दोन शब्दांत विषय मिटवला. नॉर्मल म्हणजे किती, यावर तो गप्प. मात्र मी बाहेर पडत असताना तिथल्याच एकाने हलक्या आवाजात एका ओळखीच्या कारागिराचा उल्लेख केला. तो 'एक छोटी डबी बसवून देतो, मग युरियाचे टेन्शनच नाही' असे त्याचे म्हणणे होते. कोणाचे नाव घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर न मिळालेला ग्राहक नेमका याच गल्लीत वळवला जातो, हे वाचकांच्या लक्षात यावे एवढाच हेतू आहे.

ही डबी म्हणजे एमुलेटर. इंजिनाच्या संगणकाला ती खोटे संकेत देते की टाकी भरलेली आहे, पंप चालू आहे, सेन्सर ठीक आहेत. प्रत्यक्षात फवारा बंद असतो. गाडी पळते, दिवे पेटत नाहीत, मालक समाधानी. वर केलेल्या हिशेबाने दर १००० किलोमीटरला वाचवलेल्या चार लिटरच्या बदल्यात अशी गाडी सुमारे दोन किलो जादा नायट्रोजन ऑक्साइड्स सोडते आणि तेही बहुधा डोंगरातल्या, जंगलालगतच्या आणि समुद्रकाठच्या गावांत, जिथली हवा चांगली म्हणून आपण जातो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगीशिवाय वाहनात असे फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण पकडणार कोण? आपली पीयूसी तपासणी डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तेवढा मोजते, नायट्रोजन ऑक्साइड्स मोजतच नाही. फवारा बंद असलेल्या गाडीच्या धुरात काळेपणा दिसत नाही आणि तिला बिनबोभाट प्रमाणपत्र मिळते.

खप कमी दिसावा ही हाव केवळ गल्लीतल्या कारागिरांना आहे असेही नाही. ८ जुलै २०२१ रोजी युरोपीय आयोगाने फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू या कंपन्यांना मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. त्यांच्यासोबतच्या डाइमलरने हा कट आधीच उघड केल्यामुळे तिला दंड माफ झाला. कायद्याने ठरवलेल्या किमान मर्यादेपेक्षा धूर अधिक स्वच्छ करण्याचे तंत्र हाताशी असूनही या कंपन्यांनी २००९ ते २०१४ या काळात आपापसात बोलणी करून त्या बाबतीत स्पर्धा टाळली, असा आयोगाचा निष्कर्ष होता; आणि ही बोलणी कशाविषयी होती, तर डीईएफची टाकी किती मोठी ठेवायची, एका भरण्यात गाडी किती किलोमीटर जावी आणि सरासरी खप किती धरायचा याविषयी. म्हणून 'आमच्या गाडीला डीईएफ जवळजवळ लागतच नाही' असे एखाद्या विक्रेत्याने अभिमानाने सांगितले, तर वजनदार कॅम्परव्हॅनच्या ग्राहकाने खूश होण्याऐवजी भुवया उंचावाव्यात. भारतातही १ एप्रिल २०२३ पासून हलक्या वाहनांचे उत्सर्जन प्रयोगशाळेसोबतच प्रत्यक्ष रस्त्यावर तपासण्याचा नियम आला आहे, त्यामुळे त्याआधीच्या गाडीचा खप पुढे करून नव्या गाडीला नावे ठेवण्यातही अर्थ नाही.

स्वस्त युरियाविषयी लिहिले नाही तर हे पत्र अपुरे राहील. शेतकऱ्याला मिळणारी अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना असते. त्या गोणीत कागदोपत्री सुमारे १२७ लिटर डीईएफ करता येईल एवढा युरिया आहे, म्हणजे लिटरला दोन रुपयांच्या आसपास! हा मोह कोणाला होणार नाही? पण २०१५ पासून अनुदानित युरिया सक्तीने कडुनिंबाच्या तेलाने माखलेला असतो, आणि खताच्या युरियात बाययुरेट हे अपद्रव्य दीड टक्क्यापर्यंत चालत असले तरी डीईएफच्या आयएसओ २२२४१ मानकात ते ०.३ टक्क्याहून अधिक चालत नाही. कॅल्शियम, लोह, फॉस्फेट यांची मोजणी तर किलोत अर्ध्या मिलिग्रॅमच्या हिशेबाने होते, त्यामुळे बोअरवेलचे पाणी त्यात बसण्याचा प्रश्नच नाही. असे घरगुती मिश्रण नळीत, फवाऱ्यात आणि शेवटी उत्प्रेरकात जाऊन बसते. उत्प्रेरक बदलण्याचा खर्च ज्याने एकदा भरला आहे त्याला विचारावे. शेतकऱ्याच्या हक्काचा माल पळवून स्वतःची गाडी बिघडवायची, असा हा दुहेरी आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ढाब्यावर बिनसीलच्या कॅनमधून सुटे डीईएफ विकत घेणाऱ्याने आपण नेमके काय भरतो आहोत हा विचार करावा. कॅनवर मानकाचा क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि सील या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय झाकण उघडू नये.

तारखेचा मुद्दा कॅम्परव्हॅनवाल्यांना इतरांपेक्षा अधिक लागू आहे, कारण या गाड्या चालण्यापेक्षा उभ्या जास्त असतात. डीईएफ ३० अंशांपर्यंतच्या तापमानात वर्षभर टिकते, ३५ अंशांत ही मुदत सहा महिन्यांवर येते. चंद्रपूर किंवा अकोल्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद व्हॅनच्या डिकीत ठेवलेला कॅन त्याहून लवकर उतरतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीच्या गळ्याभोवती पांढरी, मिठासारखी खपली दिसते, ती सुकलेला युरिया असते. कोमट पाण्याने पुसली की निघते, तिच्यामुळे घाबरू नये. घाबरायचे ते आतल्या नळीत तसेच झाले तर. इंजिन बंद केल्यावर मागच्या बाजूने काही क्षण जो घरघर आवाज येत राहतो, तो नळीतले डीईएफ पंप परत टाकीत ओढत असल्याचा असतो. मुक्कामावर पोहोचताच मुख्य बॅटरीचा खटका बंद करण्याची अनेक कॅम्परव्हॅनवाल्यांची शिस्त असते. तो एक-दोन मिनिटे थांबून बंद केला नाही, तर नळीतला द्रव तिथेच राहतो, सुकतो आणि दाणे धरतो. ट्रकचे जुने ड्रायव्हर हे जाणतात, बॉडी बांधणारे मात्र खटका बसवून देतात आणि सूचनेची साधी चिठ्ठीही लावत नाहीत. तीच गोष्ट झाकणांची. डिझेल, पाणी आणि डीईएफ अशी तीन तोंडे एकाच गाडीला असताना त्यांवर ठळक मराठी अक्षरे का नसावीत? पाण्याचा पाइप डीईएफच्या तोंडाला लावल्याने टाकी उतरवून धुवावी लागल्याचे प्रकार घडतात, आणि डिझेलचे थेंब जरी डीईएफच्या टाकीत गेले तरी नुकसान त्याहून मोठे होते. लडाखला जाणाऱ्यांना गोठण्याची भीती वाटते, पण ती फारशी खरी नाही. डीईएफ उणे ११ अंशांना गोठते आणि टाकीतली गरम करणारी यंत्रणा ते पुन्हा वितळवते.

तेव्हा मागणी अशी. कॅम्परव्हॅन विकणाऱ्याने आणि तिची बॉडी बांधणाऱ्याने मिळून गाडीच्या कागदपत्रांत डीईएफच्या टाकीचे माप, एका वेळी किमान किती भरावे ते प्रमाण आणि पूर्ण भरलेल्या वजनासह सपाटीवर व घाटात १००० किलोमीटरला होणारा खप हे आकडे सहीनिशी द्यावेत. सही असली की 'नॉर्मल आहे, सर' म्हणणाऱ्यालाही काहीतरी दाखवावे लागेल आणि खप खरोखरच दुप्पट झाला, गळती असली किंवा फवारा बिघडला, तर ग्राहकाला वॉरंटीत भांडायला आधार मिळेल. वाहनांच्या चाचणीचा दीर्घ अनुभव असलेली एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, तेव्हा भरलेल्या कॅम्परव्हॅनचे हे आकडे काढणे आपल्या राज्यात अशक्य म्हणता येणार नाही. परिवहन विभागाने पीयूसीमध्ये नायट्रोजन ऑक्साइड्सची मोजणी आणावी, पण त्याला वेळ लागणार हे उघड आहे. तोपर्यंत पर्यटन विभागाने भाड्याने फिरणाऱ्या कारवाँच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना वर्षभरातील डिझेलच्या पावत्यांसोबत डीईएफच्या पावत्याही मागाव्यात. हजारो लिटर डिझेल जाळलेल्या गाडीच्या नावावर डीईएफची एकही पावती नसेल, तर त्या गाडीच्या बॉनेटखाली काय बसवले आहे ते उघडून पाहायला निरीक्षकाला कोणत्याही महागड्या उपकरणाची गरज पडणार नाही.

आपला नम्र,
एक कॅम्परव्हॅनधारक, नाशिक